शंभर आकड्यांची तार

"हा गडी चुकत कसा नाही रे?"

बाबा दारात उभे होते. रात्रीचे साडेअकरा. खिडकीवर दोन गोधड्या टांगलेल्या, पंखा बंद, माझा बनियन पाठीला चिकटलेला. डोंबिवलीत रुळांपासून हाकेच्या अंतरावर राहायचं आणि घरीच गाणं रेकॉर्ड करायचं, म्हणजे एवढा थाट करावाच लागतो. गळा माझा होता, गिटार मात्र कॉम्प्युटरची. गिटार मला येत नाही, आणि या वयात बोटांना घट्टे पाडून घ्यायची हौसही उरलेली नाही. मिडी कीबोर्डच्या पट्ट्या दाबायच्या, सॉफ्टवेअरमधली व्हर्च्युअल गिटार वाजते. काम भागतं.

"बाबा, गडीबिडी कुणी नाही. कॉम्प्युटर वाजवतोय."

"ते मला कळतं. पण आत्ता एकच स्वर चारदा वाजला ना? चारही वेळा तोच. तसाच नव्हे, तोच. सतारीवर दोनदा सारखा 'दा' मारून दाखव बघू. जन्मात जमणार नाही."

एवढं बोलून ते झोपायला गेले. माझी मात्र झोप उडाली.

खरं-खोटं करायची एक सोपी युक्ती रेकॉर्डिंग करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. चारपैकी पहिला 'टण्' कापला आणि एका ट्रॅकवर ठेवला. दुसरा कापून त्याच्याखाली, बरोबर त्याच जागी ठेवला. मग दुसऱ्याची लहर उलटी केली: वरचा डोंगर खाली, खालची दरी वर. दोन्ही एकत्र वाजवले. दोघांत केसाएवढा जरी फरक असता, तर तेवढा फरक ऐकू आला असता.

काहीच ऐकू आलं नाही. मीटरचा काटासुद्धा हलला नाही. बाबांचा कान खरा निघाला होता.

त्यात त्या सॉफ्टवेअरचा तरी काय दोष? अशा बहुतेक गिटारी म्हणजे रेकॉर्डिंगचं गोदाम असतं. एक वादक स्टुडिओत बसतो आणि प्रत्येक तार, प्रत्येक पडदा हळू, मध्यम आणि जोरात छेडत जातो. सहा तारा आणि वीस पडदे धरले तरी जागा झाल्या १२०. तीन जोरांनी ३६०. प्रत्येक आघाताचे चार वेगवेगळे नमुने घेतले, तर १४४०. एवढ्या सॅम्पल्सना मग गिगाबाइटच्या गिगाबाइट जागा लागते. पैसे मोजून घेतलेल्या गिटारीत हे चार नमुने आळीपाळीने वाजतात, त्याला राउंड रॉबिन म्हणतात. माझी गिटार फुकटातली. तिच्याकडे एकेकच नमुना होता. पण चार असते तरी काय झालं असतं? पाचव्या वेळी पुन्हा पहिलाच.

मनात आलं, की रेकॉर्डिंग नसलेली, आकड्यांतूनच दर वेळी नव्याने जन्मणारी तार कुणी केलीय का? पुढच्या काही रात्री त्या शोधात गेल्या. उत्तर सापडलं ते माझ्या जन्माआधीचं होतं, आणि एका ओळीत मावणारं होतं.

*

कॉम्प्युटरला गाता यावं, ही धडपड जुनी. १९५७ साली न्यू जर्सीतल्या बेल लॅब्जमधल्या मॅक्स मॅथ्यूज यांनी आयबीएम ७०४ या यंत्राकडून सतरा सेकंदांची एक धून तयार करून घेतली. आवाज निघाला, पण त्याला जीव नव्हता. आकड्यांतून स्वर काढता येतो, तो जिवंत कसा करायचा, हा प्रश्न तिथून पुढे सगळ्यांच्या मानगुटीवर बसला.

सरळ वाट होती ती भौतिकशास्त्राची. ताणलेली तार कशी थरथरते, याचं समीकरण फ्रेंच गणिती दालांबेर यांनी १७४७ सालीच मांडून ठेवलं होतं. १९७१ साली अमेरिकेत लेजारेन हिलर आणि पिएर रुईझ यांनी तेच कॉम्प्युटरला सोडवायला दिलं. तारेचे बारीक बारीक तुकडे कल्पायचे, प्रत्येक तुकडा पुढच्या क्षणी कुठे असेल ते काढायचं, मग त्याच्या पुढच्या क्षणी, मग त्याच्याही पुढच्या. तार खरी वाटायची, पण एका स्वरासाठी गणितांचा डोंगर उपसावा लागे. विद्यापीठाच्या मोठ्या यंत्रालाही ते जड जायचं, मग घरी कोण करणार?

दुसरी वाट स्वस्तातली होती: वेव्हटेबल. आपलं रहाटगाडगंच ते. माळेला शंभर गाडगी बांधलीत असं समजा. प्रत्येक गाडग्यात एक आकडा. माळ फिरते, गाडगी एकामागून एक रिकामी होतात आणि स्पीकरचा पडदा त्या त्या आकड्याएवढा पुढे-मागे हलतो. माळ सेकंदाला ४४० फेऱ्या मारत असेल तर ४४० कंपनांचा स्वर, म्हणजे सूरकाट्याचा 'ए', ऐकू येतो. गणित शून्य, नुसतं वाचत जायचं. पण पहिल्या फेरीत जे पाणी तेच हजाराव्या फेरीत. आवाज सुरू होतो, सरळ रेषेत चालतो आणि बंद केला की बंद पडतो. त्याला सुरुवात असते, शेवट असतो, मधे आयुष्य नसतं.

१९७०च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात अलेक्झांडर स्ट्राँग नावाचा तरुण याच रहाटाशी झटत होता. जागा मोठी भारलेली. याच विद्यापीठात जॉन चाउनिंग यांना १९६७ साली एफएम संश्लेषण ही आवाज घडवायची युक्ती सापडली होती, आणि पुढे १९८३ साली यामाहाने तिच्यावर डीएक्स-७ हा कीबोर्ड काढून जग जिंकलं. स्ट्राँगपुढचा प्रश्न गरिबाघरचा होता: अगदी स्वस्त मायक्रोप्रोसेसरमधून भरलेला, जिवंत आवाज निघेल का? त्या काळच्या इंटेल ८०८० सारख्या चिपला गुणाकाराची आज्ञाच नव्हती. बेरीज येते, वजाबाकी येते आणि आकडा एक घर सरकवता येतो, बस्स. दशमान आकड्याचं शेवटचं शून्य उडवलं की त्याचा दहावा भाग होतो. तसा कॉम्प्युटरच्या द्विमान आकड्याचा शेवटचा अंक उडवला की तो निम्मा होतो. भागाकार न करता भागाकार.

या तुटपुंज्या शिदोरीवर स्ट्राँगने रहाटात एकच बदल केला. गाडगं रिकामं झालं की ते जसंच्या तसं माळेत परत पाठवायचं नाही. त्याचा आकडा आणि शेजारच्या गाडग्याचा आकडा यांची बेरीज करायची, निम्मी करायची आणि ती सरासरी त्यात भरून पाठवायचं. एक बेरीज आणि एक सरकवणं. आणि सुरुवातीला गाडग्यांत भरायचं काय? काहीही. फासे टाकून येतील ते आकडे. निव्वळ गोंगाट.

कागदावर वाचताना हे वेडगळ वाटतं. गोंगाटाची सरासरी काढत राहिलं तर उरणार काय? फार तर मिळमिळीत गोंगाट.

उरली ती तार. बोटाने नुकतीच छेडलेली, झणकारून हळूहळू विझत जाणारी तार.

*

ऐकल्याशिवाय विश्वास बसेना. ऑफिसच्या कामापुरती पायथॉन येते, तेवढ्यावर शनिवारी दुपारी बसलो. उणे एक ते एक यांमधले शंभर रँडम आकडे घेतले. सेकंदाला ४४,१०० आकडे या वेगाने, सीडीच्या वेगाने, ते फिरवले. आधी मुद्दाम सरासरीची ओळ घातली नाही. हेडफोनमध्ये जे आलं त्याला बिघडलेल्या ट्यूबलाइटचा चोक म्हणतात. एकसुरी, कर्कश, न थांबणारी घरघर. स्वर ४४०च्या जवळचा होता, पण ऐकवत नव्हता.

मग ती एक ओळ लिहिली. हा आकडा अधिक शेजारचा, भागिले दोन. पुन्हा वाजवलं.

टंऽऽग.

ट्यूबलाइट गेली होती. तिच्या जागी धातूची तार होती. नखाचा आघात, मागून चकाकी, मग चकाकी ओसरून उरलेला गोल, शांत नाद. आकडे फिरवायची पद्धत तीच होती. फक्त शेजाऱ्याकडे बघायची सवय लागली होती.

हे घडतं कसं, याचा उलगडा स्ट्राँगचा सहकारी केविन कार्प्लस याने केला. फाशांनी पडलेल्या आकड्यांत सगळे स्वरांश ठासून भरलेले असतात: मूळ स्वर, त्याच्या दुप्पट, तिप्पट, वीसपट कंपनांचे. शेजारच्या आकड्यांची सरासरी काढली की लहरीचे तीक्ष्ण, बारीक दात आधी झिजतात आणि मोठ्या, संथ लाटा शेवटपर्यंत टिकतात. माझ्या शंभर आकड्यांच्या तारेत पाचवा स्वरांश सेकंदाच्या एखाद्या तुकड्यात विरतो, मूळ स्वर मात्र कितीतरी सेकंद रेंगाळतो. खऱ्या तारेतही हेच होतं. छेडल्याबरोबर जी झळाळी ऐकू येते ती वरच्या स्वरांशांची, आणि आधी मरते तीच.

दोघांनी या युक्तीला नाव दिलं डिजिटार, म्हणजे डिजिटल गिटार. तिच्यासाठी त्यांनी खास चिपसुद्धा तयार केली. सरासरी काढताना मधूनच, नाणेफेक करावी तसं, आकड्याचं चिन्ह उलटं केलं तर तार जाते आणि ढोल वाजू लागतो, हेही त्यांना सापडलं. १९८३च्या उन्हाळ्यात हे सगळं 'कॉम्प्युटर म्युझिक जर्नल'मध्ये छापून आलं. आज जगभर ही युक्ती दोघांच्या आडनावांनी ओळखली जाते: कार्प्लस-स्ट्राँग. त्यातला कार्प्लस पुढे सांताक्रूझला प्राध्यापक झाला आणि संगीत सोडून प्रथिनांच्या रचनेच्या अभ्यासाकडे वळला.

मला आठवली ती बाबांची तक्रार. तीच परीक्षा पुन्हा घेतली. माझ्या तारेचे दोन 'टंग' एकाखाली एक, दुसरा उलटा. वाजवले. या वेळी मीटर उसळला. दर छेडीला फासे नव्याने पडतात. म्हणून दर छेडीची झळाळी वेगळी, नखाचा कोन वेगळा असावा तशी. १४४० सॅम्पल्सना जे जमलं नसतं, ते शंभर आकड्यांना फुकटात जमलं होतं.

*

पण मी अजून खऱ्या अर्थाने गिटार वाजवलीच नव्हती. एकच स्वर वाजवून खूश झालो होतो. खाली ११०च्या स्वरावर गेलो, म्हणजे गिटारच्या पाचव्या तारेवर. शंभरऐवजी चारशे आकडे. तार वाजली छान, पण मरेच ना! पहिली चमक गेल्यावर एक मंद हूं चालू राहिला, तो मिनिटं झाली तरी चालूच. वर ८८० वर गेलो तर उलटं: स्वर आला-आला म्हणेपर्यंत गेलासुद्धा. बरोबरच होतं. वरच्या स्वराची माळ छोटी आणि फेऱ्या जास्त, म्हणून झीज भराभर. खालच्या स्वराची माळ लांब, तिची झीज कासवगतीची.

याहून मोठी अडचण सुराची. गाडगी अर्धी-पाऊण नसतात. सेकंदाला २०,००० आकड्यांच्या वेगाने वीस आकड्यांची माळ फिरवली तर सुमारे ९७६ कंपनांचा स्वर येतो, एकोणीस आकड्यांची फिरवली तर सुमारे १०२६. मधलं काही नाहीच. जवळजवळ अर्ध्या स्वराची उडी. ज्या वाद्यात मींड नाही आणि सूरही जुळत नाही, ते वाद्य कसलं?

हीच कुलपं त्या वेळी स्टॅनफर्डमधल्याच दोघांनी उघडली होती. डेव्हिड जॅफी संगीतकार आणि मॅंडोलिनवादक. त्याला ही तार आपल्या रचनेत हवी होती, आणि बेसूर तार घेऊन तो करणार काय? ज्युलियस स्मिथ इंजिनियर. तो डॉक्टरेटसाठी व्हायोलिनचं गणित मांडत होता. गाडग्याचा अंशसुद्धा मोजता यावा म्हणून त्यांनी माळेत ऑल-पास नावाची चाळणी बसवली. ती कुठल्याही स्वरांशाचा जोर कमी-जास्त करत नाही, फक्त लहरीला अर्धं-पाव पाऊल उशीर करते. सूर जुळला, मींडही शक्य झाली. झीज कमी-जास्त करायची किल्ली आली. तार घोडीजवळ छेडली की मधोमध, जोरात की हळुवार, हेही ठरवता येऊ लागलं. जॅफीने १९८२ साली या तारांचा अख्खा ताफा घेऊन 'सिलिकॉन व्हॅली ब्रेकडाउन' ही रचना केली. 'जर्नल'च्या त्याच अंकात, कार्प्लस आणि स्ट्राँग यांच्या लेखाबरोबर, या दोघांचाही लेख आला.

कथेतली खरी कलाटणी मात्र वेगळीच आहे, आणि ती माझ्या लक्षात यायला दोन-तीन रात्री लागल्या.

स्ट्राँग तार बनवायला निघालाच नव्हता. तो स्वस्त आवाज शोधत होता. दालांबेरचं समीकरण त्याने सोडवलेलं नव्हतं; कानाला गोड लागलं म्हणून तो थांबला. पण ते समीकरण सांगतं काय? छेडलेल्या तारेवर दोन लहरी उलट दिशांनी धावतात, टोकाला आपटून परततात, पुन्हा धावतात; खऱ्या तारेत प्रत्येक फेरीत त्या थोडी शक्तीही गमावतात. म्हणजे एक फेरी, आणि फेरीमागे थोडी झीज. रहाटाची माळ तीच, सरासरीची झीज तीच. हिलर आणि रुईझ यांनी जो डोंगर दगड-दगड करून उपसला होता, त्याच्या पलीकडे स्ट्राँग आडवाटेने जाऊन पोचला होता. स्मिथने ती आडवाट मोजली, रुंद केली. त्यातून डिजिटल वेव्हगाइड नावाची विद्याच उभी राहिली आणि १९९४ साली यामाहाने तिच्यावर बेतलेला व्हीएल-१ हा सिंथेसायझर बाजारात आणला. १९९६ला स्टाइनबर्गचं व्हीएसटी हे प्लगइनचं तंत्र आलं आणि असली यंत्रं हळूहळू प्लगइन होऊन माझ्यासारख्यांच्या लॅपटॉपमध्ये शिरली.

मी माझ्यापुरती झिजेची किल्ली फिरवली. खालच्या तारेला दर फेरीत ०.९९६ने गुणलं. एवढासा आकडा, पण तार शहाण्यासारखी विझू लागली.

१९९३ सालची आणखी एक युक्ती वाचून तर हात शिवशिवले. तार आणि गिटारची लाकडी पेटी, दोघींचं गणित असं आहे की क्रम उलटा केला तरी उत्तर बदलत नाही. म्हणून पेटीवर बारीकशी टिचकी मारून ती रेकॉर्ड करायची, आणि फाशांच्या आकड्यांऐवजी तोच 'टक्' तारेत सोडायचा. पेटीचं वेगळं गणितच नको. आमच्या घरी गिटार नाही, पण आजोबांचा मिरजेचा तानपुरा आहे. गवसणी काढली, मोबाइल जवळ धरला आणि भोपळ्यावर बोटाच्या पेराने टकटक केलं.

"भोपळा आहे तो. दार नव्हे," आतून आवाज आला.

*

पुढच्या रविवारी संध्याकाळी बाबांना शेजारी बसवलं. हेडफोन काढून स्पीकर लावला. फाशांचीच तार, एकच स्वर, चारदा.

ते ऐकत राहिले. चौथा स्वर पूर्ण विझेपर्यंत हलले नाहीत.

"हं. हा माणूस आहे."

"माणूस नाही, बाबा. शंभर आकडे आहेत."

"असतील. पण चारही वेगळे आहेत." मग थोडं थांबून, "तार गिटारचीच आहे पण. जवारी कुठाय?"

बरोबर बोलले होते. तानपुऱ्याच्या घोडीचा माथा किंचित गोलसर असतो, त्यावर तार घासत टेकते आणि मधे सुताचा धागा सरकवलेला असतो. त्यामुळे जे स्वरांश नियमाने उमटायलाच नकोत तेही झंकारतात, तीच जवारी; हे सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली दाखवून दिलं होतं. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली तो घासता माथा आणि तो धागा गणितात धरून कॉम्प्युटरचा तानपुरा बोलता केला. माझ्या एका ओळीत ते मावणारं नव्हतं.

"ते आकडे दाखव बघू," बाबा म्हणाले.

मी सरासरी सोडून बाकी सगळी झीज काढून टाकली, साधी, मूळची तार ठेवली आणि आकडे पडद्यावर आणले. छेडण्याच्या क्षणी: ०.७३, −०.४१, −०.९८, ०.१२, ०.८८. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. एका सेकंदानंतर: शेजारचे आकडे एकमेकांना धरून चाललेले, हळूच चढणारे, हळूच उतरणारे. डोंगरमाथ्यांची टेकाडं झालेली. एका मिनिटानंतर: ०.०२, ०.०२, ०.०२, ०.०२. खालपर्यंत सगळे तेच.

"सगळे सारखे झाले?"

"हो. दर फेरीला शेजाऱ्याशी थोडं थोडं जुळवून घेत गेले."

"आणि आवाज?"

मी स्पीकरकडे बोट दाखवलं. तो कधीचाच गप्प झाला होता. त्या पहिल्या रात्री, दोन 'टण्' एकावर एक ठेवल्यावर, झाला होता तसाच.

बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला. "बरोबर आहे," म्हणाले. "सगळे सारखे झाल्यावर वाजणार काय?"

आणि त्यांनी स्वतःच हात पुढे करून स्पेसबार दाबला. फासे पुन्हा पडले.